सगुणाबाईंच्या पेटीतल्या गाठी

९ नोव्हेंबर, पाली

पोलीस येऊन गेले. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

राजगडला येणारी पोरं आमच्या पडवीत जेवतात, झोपतात. त्यांना गांजा इथूनच मिळतो, अशी कुणीतरी खबर दिली. पडवीत सापडला फक्त एक घाणेरडा मोजा. मग नजर गेली सासूबाईंच्या पेटीवर. किल्ली त्यांच्या कमरेला — कायमची.

अख्ख्या आळीच्या ठेवी त्या पेटीत. ज्याला स्वतःच्या घरात लपवायला जागा नाही, तो चिंधीत बांधून आणून देतो. सासूबाईंचा नेम एकच : दुसऱ्याची गाठ सोडायची नाही.

हवालदारांनी पंचांसमोर एकेक सोडली. केसांचा कलप. कवळी. मोत्यांची नथ. एका निळ्या चिंधीची गाठ काही सुटेना. त्यांनी शेजारून ब्लेडनं कापड कापलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. आत गांजा — मूठभरही नाही.

"आजी, हे कुणाचं?" फौजदारांनी विचारलं.

"ठेव हाय."

"कुणाची?"

"ज्याची हाय त्याची. तुमी काय ठिवलं असतं, तर सांगितलं असतं का म्या कुणाला?"

फौजदारांनी पंचनाम्याचा कागद पुढं ओढला. मग लिहून घेतलं : पेटी यांची, किल्ली यांची, ताबा यांचा. वय बघून अटक केली नाही. नोटीस दिली.

१० नोव्हेंबर

सासूबाई जेवल्या नाहीत. कमरेची किल्ली सारखी चाचपतात.

१२ नोव्हेंबर

भोरला वकीलबाईंकडे गेलो. प्रेरणा नाव. म्हणाल्या, "किल्ली आजींची म्हणून माल आजींचा, असं ते म्हणणार. आत काय आहे ते आजींना ठाऊक नसतं, हे आपण दाखवायचं. बाकीच्या ठेवींचे मालक उभे करा." मग सासूबाईंकडे वळून, "तुम्हाला ठाऊक नव्हतं ना, आजी?"

"म्या कुणाची गाठ सोडत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

मालक उभे करायचे. सोपं आहे!

१४ नोव्हेंबर

सोपं नाही. कुणाचीच ठेव नाही म्हणे.

रखमाजी म्हणाले, "कलप? माजं केस जल्मापासनं काळं हायेत." भांगात पांढरी रेघ. गेनबा काय म्हणाले ते दात नसल्यानं कळलं नाही, पण नाही म्हणाले एवढं कळलं. रतनबाईनं तर दारच लावून घेतलं. ती नथ तिच्या जावेची, गेल्या जत्रेत हरवलेली. तेव्हा सगळ्यात पुढं होऊन शोधली होती रतनबाईनंच.

सगळ्या आळीची लाज जिनं सांभाळली, ती या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढणार. झोप येत नाही.

१९ नोव्हेंबर

फौजदार जबाब घ्यायला आले. सासूबाई पडवीत एकट्या बसलेल्या. भोवती सगळी आळी जमलेली.

रतनबाई पुढं आली. "नथ म्या ठिवली. जावंची हाय. चोरली म्हना. पर सगुणाकाकूनं गाठ सोडली न्हाई. सोडली असती तर तवाच माजं थोबाड रंगवलं असतं. लिवा."

जाऊ मागंच उभी. "सटवे, नथ सापडावी म्हून नवस बोलाया माज्यासंगं आलीवतीस ना गं तू?"

"बाई, एका वेळी एकच गुन्हा," फौजदार म्हणाले.

मग रखमाजींनी टोपी काढली. डोकं बघून कुणाला काही विचारावं लागलं नाही. गेनबांनी सगळ्यांदेखत कवळी चढवली आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. पहिल्यांदाच नीट कळलं.

रात्री सासूबाई दोन भाकरी जेवल्या.

२ फेब्रुवारी

वकीलबाईंचा फोन. सासूबाई सुटल्या! आत काय होतं हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही, असं कोर्टात ठरलं. पेटी पुन्हा भरायला लागलीय. रतनबाई आणि जाऊ अजून बोलत नाहीत, पण ठेवी दोघींच्याही आल्या.

३ फेब्रुवारी

सकाळी चुलीपाशी सासूबाई हळूच म्हणाल्या, "मोहिनी, ती निळी चिंधी परत दितील का गं?"

"कशाला, आत्याबाई?"

"तुज्या मामंजींची हाय. चिलमीचं सामान बांधून, तूच ठिव म्हून माज्याकडं दिलं, भजनाला गेलं, अन् तितंच छातीत कळ आली, माघारी आलंच न्हाईत. आतलं नगं मला." भाकरी उलटवली. "पोलिसानं कापड कापलं. गाठ ह्यांनी मारल्याली तशीच हाय."