सासूबाई परत मिळण्याबाबत

मी, श्रीमती सुमन कानिफनाथ वांढेकर, वय सदुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार शेवगाव, जिल्हा अहिल्यानगर (घराच्या जुन्या कागदांवर अहमदनगर आहे, जिल्हा तोच, घरही तेच), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. प्रकृती वयाप्रमाणे आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे आले होते, ते चहा घेऊन गेले. त्यानंतरच लिहायला बसले.

माझे पती कै. कानिफनाथ मारुती वांढेकर यंदाच्या माघात वारले. ते एका दैनिकाचे तालुका वार्ताहर होते आणि तीन पुस्तकांचे लेखक होते. मला एकच अपत्य, मुलगी अश्विनी. ती जामखेडला दिली आहे. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी तिलाच नेमते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझ्या पगारातून व शिक्षक सोसायटीच्या कर्जातून बांधलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. पतींना दैनिकाकडून ओळखपत्र मिळे आणि जाहिरातींवर कमिशन. ज्या पुढाऱ्याविरुद्ध सोमवारी बातमी लिहायची, त्याच्याच वाढदिवसाची पानभर जाहिरात गुरुवारी आणायची, असे त्यांचे काम होते. "दोन्हीला कष्ट सारखेच पडतात," असे ते म्हणत. घराच्या आतल्या दोन खोल्या व स्वयंपाकघर अश्विनीला द्यावे. पुढच्या खोलीबद्दल कलम ५ मध्ये लिहिले आहे.

२. दागिने व बँकेतील ठेव अश्विनीची. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही.

३. ओट्यावरचे लाकडी बाकडे तिथेच राहू द्यावे. 'तालुक्यात अशी चर्चा आहे' असे पती बातमीत लिहीत, ती चर्चा या बाकड्यावर ते आणि पेपर एजंट मच्छिंद्र या दोघांत झालेली असे. मच्छिंद्रला या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही, कारण त्याला साक्षीदार व्हायचे आहे. पेपर मात्र त्याने टाकत राहावा. ते गेल्यापासून मी वाचत नाही, पण बंद केलेला नाही.

४. सत्कारांत मिळालेल्या शाली लोखंडी कपाटात आहेत. (नारळ वेळच्या वेळी खाल्ले.) त्या शाली ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना वाटाव्यात. प्रत्येकाला दोन द्याव्यात. एका शालीने थंडी जात नाही, हे सत्कार करणाऱ्यांना माहीत नसते. जांभळ्या काठाची एक शाल बाजूला ठेवावी. तिचे काम पुढे आहे.

पतींच्या तिन्ही पुस्तकांच्या उरलेल्या प्रती पलंगाखाली आहेत. शोकसभेत ज्या ज्या वक्त्यांनी "मी त्यांची सर्व पुस्तके वाचली" असे सांगितले, त्यांना घरपोच एकेक संच द्यावा आणि महिनाभराने जाऊन कसे वाटले ते विचारावे.

५. पुढची खोली. हे कलम लांबेल. वकील म्हणाले, थोडक्यात लिहा. थोडक्यात लिहिण्याचे काम आमच्या घरात पुष्कळ झाले आहे.

पतींनी तीन नव्हे, चार पुस्तके लिहिली. चौथे म्हणजे इथल्या शिक्षण संस्थेचे संस्थापक पुंजारामआबा यांचे आत्मचरित्र. खपले ते हेच, कारण संस्थेच्या प्रत्येक शाळेत ते बक्षीस म्हणून देतात. पतींनी हे काम का घेतले, असे मला विचारतात. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याकडे पुस्तक मागितले होते.

आबा त्या बाकड्यावर बसून सांगत. मी चहा देताना ऐकलेले लिहिते.

"कानिफराव, आई जरा हालातली पाहिजे. आमची आई झोपाळ्यावर बसून पान खायची. त्याचं कोण वाचणार?"

"मग काय करू, आबा?"

"तुम्ही लेखक ना? फोडायला लावा की खडी. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्यांच्या आया खडीच फोडत होत्या."

"तुमची नव्हती."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय!"

पतींना दुसऱ्या कोणाची आई माहीत नव्हती. त्यांनी स्वतःची घातली. माझ्या सासूबाई, बनुबाई, बहात्तर साली रोजगार हमीच्या खडीवर होत्या. तिथे हातोडा बसून त्यांच्या डाव्या अंगठ्याचे पेर गेले. मजुरी वाटणाऱ्या कारकुनाला डावाच अंगठा हवा होता. त्याने त्यांना परत पाठवले. तेव्हा मुलाने चुलीपुढच्या फरशीवर कोळशाने गिरवून त्यांना सही शिकवली. हे सगळे पुस्तकात जसेच्या तसे आहे. फक्त मुलगा बदललेला आहे.

प्रकाशनाच्या वेळी ते प्रकरण वाचून दाखवले. मंडपात बायका डोळे पुसत होत्या. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "सुमन, ह्या पुंज्याला मी कवा गं बाळंत झाले?"

मी पदर तोंडाला लावला. पती व्यासपीठावर आबांच्या हातून जांभळ्या काठाची शाल घेत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्यांनाच विचारले, "कान्या, हातुडा माझ्या अंगठ्यावर पडला, आन् माय त्याची व्हय रं?"

"गोष्टच आहे ती, आई."

"गोष्ट आसंल तर अंगठा दे माघारी."

ते जेवले नाहीत. तीन वर्षांनी सासूबाई गेल्या. बातमी पतींनीच सवयीने लिहून पाठवली आणि ती नेहमीसारखी छापून आली: 'पत्रकार कानिफनाथ वांढेकर यांना मातृशोक'. चार ओळींत मुलाचे नाव दोनदा होते, त्यांचे एकदाही नव्हते. ते कात्रण हातात घेऊन पती बराच वेळ बाकड्यावर बसले होते. पुढे त्यांनी पुस्तक लिहिले नाही.

संस्थेच्या सभागृहात आबांच्या मातोश्रींचे मोठे तैलचित्र आहे. त्यात त्यांच्या हातात आरतीचे तबक असून दोन्ही अंगठे शाबूत आहेत. बक्षीस घेणाऱ्या एकाही मुलाच्या हे अजून लक्षात आलेले नाही. मास्तरांच्याही नाही.

पतींच्या शोकसभेत आबांनी जाहीर केले की या घरात संस्था स्मृतिदालन करील आणि 'माझ्या मायची कथा ज्या लेखणीने टिपली' ती लेखणी काचेत ठेवील. दुसऱ्या दिवशी छापून आले की वहिनींनी मूक संमती दिली. मी त्या वेळी रडत होते. परवा संस्थेची माणसे घराच्या बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन आली होती, ती वर सांगितलेली चहाची माणसे. मी सही केली नाही. चष्मा सापडत नाही म्हणाले. तो डोळ्यांवरच होता.

तरी माझी इच्छा अशी:

पुढच्या खोलीत सार्वजनिक वाचनालय करावे. ताबा अश्विनीकडे राहावा. संस्था, समिती, मंडळ, प्रतिष्ठान यांपैकी कोणालाही देऊ नये. दारावर पाटी लावावी: 'बनुबाई मारुती वांढेकर वाचनालय. यांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. यांचा मुलगा कानिफनाथ.' नावांचा हाच क्रम ठेवावा. समोरच्या भिंतीवर सासूबाईंचा फोटो लावावा. त्यात त्यांचा डावा हात पदराबाहेर आहे.

उद्घाटनाला पुंजारामआबांनाच मानाने बोलवावे. फोटोखाली उभे करून त्यांच्या हाती त्यांचेच पुस्तक द्यावे आणि अंगठ्याचे प्रकरण मोठ्याने वाचण्याची विनंती करावी. आबा त्याआधी गेले, तर हे काम त्यांच्या चिरंजिवांकडे जावे. तेही भाषण वाचूनच करतात. वाचून झाल्यावर जांभळ्या काठाची शाल परत त्यांच्याच अंगावर घालावी. त्यानंतर ते काही बोलले नाहीत, तर ती त्यांची मूक संमती समजावी.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर सही केले. त्यांनीही माझ्यासमोर केले.

ठिकाण: शेवगाव
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

सुमन कानिफनाथ वांढेकर (सही)

साक्षीदार:

१. मच्छिंद्र रंगनाथ कातकडे, पेपर एजंट, शेवगाव (सही)

२. राहीबाई भागाजी साबळे, शेवगाव. बहात्तर साली खडीवर सासूबाईंच्या शेजारी बसत. "सही येत न्हाई बाई, अंगठा चालंल का? माझा शाबूत हाय," असे त्यांनी विचारले. मी चालेल म्हणाले. (निशाणी डावा अंगठा)