चोवीस तारखेला तू जाशील का

चाकण,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सुमनताई,

आधी नमस्कार. रुसलेल्या माणसाला केलेला नमस्कारही पोचतो, असं धरून चालतो. भावोजींचा गुडघा कसा आहे? छोटीचा पुढचा दात आला का?

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद. दिवाळीत मी भावोजींसमोर ताट सरकवून उठलो, ते चुकलं. पण तू "तुझं सगळंच अर्धवट" म्हणालीस, ते अजून डोक्यातून जात नाही. ताथवड्याचं कॉलेज मी तिसऱ्या वर्षाला सोडलं, मान्य. इथे प्रेस शॉपला मात्र वर्ष होत आलं आणि वर्षभरात मी फक्त दोनदा भांडलोय. बरं, तीनदा.

तर कारण असं, की तू ऑपरेशन थिएटरची नर्स आहेस, म्हणून काही विचारायचंय. माझ्या ओळखीच्या एका व्यक्तीचं २४ तारखेला पिंपरीत छातीचं ऑपरेशन आहे. आजार काही नाही. दोन्ही बाजूंना नळ्या बसवतात म्हणे, आत साठणारं पाणी बाहेर यायला. त्या काढताना दुखतं का? हात वर करायचे नाहीत, ते नक्की किती दिवस? केस कोण विंचरणार मग?

ओळखीची व्यक्ती काय लिहीत बसलोय मी. उत्कर्षा नाव. आमच्याच कंपनीत क्वालिटीला. पहिल्याच दिवशी माझ्या चाळीस पार्टांना लाल टॅग लावला, म्हणजे सगळे रिजेक्ट. मी तावातावाने गेलो, "दिसतंय का नीट?" तर म्हणाले, "मला दिसतंय. तुझी डाय घासलीय, तुला दिसत नाहीये." डाय म्हणजे पत्रा दाबायचा साचा. तपासली, तर खरंच घासलेली. ताई, त्या दिवसापासून मी कामाचा राहिलो नाही.

"म्हणाले" वाचून थांबली असशील. उत्कर्षा बाईही नाहीत आणि पुरुषही नाहीत. नॉनबायनरी म्हणतात त्याला. त्यांना "ते" आवडतं. समोर "तू" चालतं, पण असं लिहायला लागलं की आई बाबांबद्दल बोलते तसं वाटतं मला. हसू नकोस.

छाती दिसू नये म्हणून ते आत घट्ट पट्टा घालतात. शिफ्ट संपताना धाप लागते. एकदा बसच्या पायरीवरच बसले. मला वाटलं, म्हणजे यांना माझ्यासारखं व्हायचंय. विचारलं नाही, मीच ठरवलं. आणि एकदा ठरवलं की मी कसा सुटतो ते तुला माहीत आहे. कँटीनमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं, आजपासून उत्कर्ष भाऊ म्हणायचं. एक जण हसला तर त्याची कॉलर धरली. (हे ते तिसरं भांडण.)

मागच्या महिन्यात आम्ही दोघं सर्जनकडे गेलो. उत्कर्षा पाणी प्यायला गेले तेवढ्यात काउंटरवरचा फॉर्म मीच भरला. नाव, उत्कर्ष. लिंग, पुरुष. काय करायचंय, तिथे लिहिलं, सगळं. डॉक्टरीणबाईंनी वाचलं आणि विचारलं, "सगळं म्हणजे काय काय?" उत्कर्षांनी फॉर्म ओढून घेतला, खोडला, म्हणाले, "फक्त छाती. नाव उत्कर्षाच. आवाजही हाच राहू दे, मला आवडतो."

मग त्या बाईंनी कागदावर चित्रं काढून सांगितलं आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत बसलो. कुणी छाती पूर्ण सपाट करून घेतं, कुणी नुसती कमी. स्तनाग्रं (लाजू नकोस, नर्स आहेस) कुणी ठेवतं, कुणी लहान करून पुन्हा बसवून घेतं, कुणाला नकोच असतात. तिथली जाणीव कमी होऊ शकते, व्रण राहतात. हार्मोन्स घेतलेच पाहिजेत असं नाही. गर्भाशय काढायचं की नाही, हा वेगळाच प्रश्न, त्याची घाई नाही. आणि कुणी यातलं काहीच करत नाही, तरी ते जे आहेत ते असतातच. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र उत्कर्षांनी आधीच आणलं होतं. इतके रस्ते असतील असं मला कुठे माहीत होतं? मला दोनच ठाऊक, आणि मी त्यातल्या एकावर त्यांना ढकलत होतो.

आता खरं सांगतो. बाहेर पॅसेजमध्ये, पंधरा माणसांसमोर, मी ओरडलो, "हे असं अर्धवट काय करायचं?"

तुझाच शब्द, ताई. मला लागलेला.

उत्कर्षा ओरडले नाहीत. "मला जेवढं पाहिजे, तेवढं पूर्णच आहे," एवढं म्हणाले आणि एकटेच रिक्षात बसले.

मी माफी मागितली. मिळाली. काल मेसेज आला: "२४ ला येऊ नकोस. राग नाही. पण तू आलास तर मी तुझाच चेहरा बघत बसणार. त्या दिवशी मला दुसऱ्या कुणाला सांभाळायचं नाही." मी तीन वेळा रागाने उत्तर टाइप केलं आणि तिन्ही वेळा खोडलं.

पण हॉस्पिटलला सोबत कुणीतरी लागतं. त्यांच्या आई, यशोदाबाई, म्हणतात, "तुझं अंग, तुझी मर्जी. पण मला तिथं बसवणार न्हाई, माझा बीपी चढतो." मग मी उत्कर्षांना मेसेज केला, "माझ्या ताईला सांगू?" उत्तर आलं, "त्यांना चालत असेल तर. आणि मला समजावायला येणार नसतील तर."

ताई, जाशील? माझ्यावरचा राग ठेव, तो वेगळा हिशोब. शुद्धीवर येताना त्यांच्या बाजूला असं कुणीतरी असू दे, जे घाबरत नाही. सोबत उत्कर्षांचा नंबर लिहिलाय. हो की नाही, ते थेट त्यांनाच कळव.

२४ ला, त्या सोमवारी, मी फर्स्ट शिफ्ट मागून घेतलीय. फोन लॉकरमध्ये राहील. ऑपरेशन कसं झालं, हेसुद्धा उत्कर्षांनी सांग म्हटलं तरच मला सांग. नाही म्हणाले, तर मी विचारणार नाही.

त्यांच्यावर फार जीव असलेला, आणि म्हणूनच त्या दिवशी न येणारा,
तुझा धाकटा,
प्रज्वल