ताईने काढलेल्या चुका

५ मे

चि. बारकीस,
अ. उ. आ.

कालचा भाग बघितलास ना? मग आता माझ्याकडून ऐक. सलाईनची बाटली पलंगाच्या कठड्याला, पेशंटच्या कमरेखाली टांगली होती. अशाने सलाईन आत जायच्याऐवजी रक्तच नळीत चढतं. डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप कानात उलटा घातला होता. आणि सासूबाईंचा तो हार्ट अटॅक! एकतीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, पण छातीवर हात ठेवून, मुलाला हाक मारून, नेमकी सोफ्यावर पडणारी बाई मला काही भेटली नाही. बायकांचं बरेचदा असं नसतंच. चाललं की जबडा दुखतो, पाठ भरून येते, जिन्यात धाप लागते, बसलं की बरं वाटतं. मग त्या पित्त झालं म्हणतात आणि कामाला लागतात. मालिकावाल्यांना हे मी चौथं पत्र लिहिलं. उत्तर नाही.

तू मात्र रुमाल भिजवला असशील. शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर कुठवर आली? चष्म्याचा नंबर तपासून घे म्हटलं होतं, घेतला नसणारच.

कळावे. लोभ मालिकेवर थोडा कमी करून माझ्यावर वाढवावा.

तुझी,
ताई

१२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मालिकेपेक्षा लांब असतं. खरं सांगू का, तुझ्या चुका मी वाचतच नाही. ‘सलाईन’ हा शब्द आला की जी उडी मारते ती थेट ‘रुमाल भिजवला असशील’पाशी उतरते. भिजवला, दोन भिजवले. सासूबाई सोफ्यावर पडोत की जमिनीवर, मला त्यांच्या सुनेचं वाईट वाटलं. तू आपली घरबसल्या उंटावरून शेळ्या हाक. आम्हाला सुखाने रडू दे.

काल मात्र मालिका बघायला वर जायला जमलं नाही. एकशेवीस शर्टांपैकी अठरांच्या कॉलर राहिल्यात, त्या उद्या संपतील. दोन मजले वरच्या टायपिस्टबाई स्वतःच खाली आल्या आणि मला सगळी गोष्ट सांगून गेल्या. सांगतानाही त्या टाइप केल्यासारखं सांगतात, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. टीव्हीपेक्षा बरं वाटलं.

चष्मा घेईन. गुडघ्याला तेल लावत जा.

कळावे. लोभ आहेच, त्यातल्या चुका काढू नयेत.

तुझी,
बारकी

२६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात पत्र नाही म्हणून रागावली असशील. कामं होती. मालिका आता एकाच भागाची उरली, पुढच्या गुरुवारी शेवट. काल टायपिस्टबाईंकडे पाहुणे होते, म्हणून मी वर गेले नाही. त्याच खाली येऊन तासभर बसल्या. सासूबाई अजून शुद्धीवर नाहीत.

एक दाढ त्रास देते. दातांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी टकटक करून बघितलं आणि दात ठणठणीत आहेत म्हणाले. पैसे मात्र घेतले. घरी आले की थांबते, बाजारात गेलं की सुरू. दाढेलाही माझ्यासारखं घरातच बरं वाटत असावं.

अठरा कॉलर तेवढ्या राहिल्यात. शाळेतून निरोपावर निरोप येतायत.

कळावे. राग आठवड्यापुरता, लोभ मात्र कायमचा असावा.

तुझी,
बारकी

३० मे, बसमधून

चि. बारकीस,
आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हातात देईन. बस हलते आहे, म्हणून अक्षर असं. लिहीत बसले नाही तर ड्रायव्हरच्या चुका काढत बसेन.

तुझं पत्र सकाळी आलं. वाचलं, काहीतरी खटकलं. मागचं काढून शेजारी ठेवलं. बाराला अठरा कॉलर उद्या संपणार होत्या, सव्वीसला त्याच अठरा पडून आहेत. दिवसाला तीस लावणारी बाई तू. टायपिस्टबाईंकडे पाहुणे होते, तर त्या पाहुण्यांना सोडून तुझ्याकडे तासभर कशा बसल्या? आणि चाललं की दुखणारी, बसलं की थांबणारी दाढ मी आजवर ऐकली नाही.

तुला फोन केला, तू हसण्यावारी नेलंस. मग टायपिस्टबाईंना केला. पाहुणे कुठले, म्हणाल्या. तू त्यांना दोनदा जिन्याच्या वळणावर बसलेली दिसलीस, आणि ताईला कळवू नका अशी गळ घातलीस. मी म्हटलं, हातातलं टाका, टॅक्सी बोलवा, तिला हॉस्पिटलात न्या. तुम्ही निघाल्याचं कळलं आणि मी बसमध्ये चढले.

बारके, मला भीती वाटते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बहिणी सांभाळल्या, तेव्हा कधी वाटली नव्हती.

ताई

१७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेल्याला चार दिवस झाले. घरात कोणी टोकत नाही, त्यामुळे चुकल्यासारखं होतं. गोळ्या वेळेवर घेते. टायपिस्टबाई कागदावर खुणा करतात. कॉलर त्यांनी दुसऱ्या शिंपिणीकडून लावून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला दोन्ही ठिकाणचा अडथळा नीट निघाला, पण आणखी आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं.

का लपवलं, ते तू विचारलं नाहीस. मीच सांगते. तू आली असतीस आणि ते काय आहे ते सांगितलं असतंस, आणि तू सांगितलेलं खरंच असतं. दाढ म्हटलं की ती दाढच राहत होती. मी घाबरले होते, ताई.

परवा तुझं पाच मेचं पत्र पहिल्यांदा सबंध वाचलं. जबडा, पाठ, जिना, सगळं त्यात होतं. मशीनवर डोकं टेकून खूप रडले.

आता एक काम कर. गुरुवारी मला ऑपरेशनसाठी आत नेलं त्याच संध्याकाळी शेवटचा भाग होता. टायपिस्टबाई माझ्या कपड्यांसाठी घरी आल्या होत्या, त्यांचाही हुकला. तू बाहेर बसली होतीस तिथे टीव्ही होता. काय झालं ते सविस्तर लिही. चुकांसकट लिही, एकही गाळणार नाही.

कळावे. लोभ तुझाच, म्हणून तर लिहिते आहे.

तुझी,
बारकी

२१ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

टीव्ही होता, अगदी माझ्यासमोर. सगळा भाग चालला. लोक मध्ये हसले, एका बाईंनी डोळे पुसले. शेजारच्या आजोबांनी मला विचारलं की ही डॉक्टरीणबाई आता सासरी परत जाणार का. मी त्यांना सांगितलं की माझी बहीण आत आहे. त्या बिचाऱ्यांनी उठून आवाज कमी केला.

तेव्हा मला विचारशील तर सासूबाई जगल्या की गेल्या, एवढंही सांगता येणार नाही. मी सगळा वेळ दाराकडे बघत होते.

तो भाग येत्या रविवारी दुपारी पुन्हा दाखवणार आहेत. शनिवारच्या बसने येते. टायपिस्टबाईंना विनव आणि टीव्ही खाली तुझ्या खोलीत मागवून घे. जिना चढायचा नाही. मी गप्प बसेन असं कबूल करत नाही. चूक दिसली की बोलेनच. तू मला दटाव. दटावायला तू शेजारी आहेस एवढं कळलं की मला पुरे.

कळावे.

तुझी,
ताई