आढ्यावरचं जेवण

शनिवार, वळसंग

जुन्या गोठ्याच्या नव्या छपराचं आढं आज चढलं. लाकूड लांबीला कमी पडलं म्हणून दोन तुकडे जोडले. तो सांधा माझा, पहिलाच. त्यात नखभर फट राहिली. तीनदा मोजूनही कशी राहिली?

आमचे मिस्त्री रसूलचाचा यांचा नियम असा, की ज्याचा सांधा त्यानंच त्यावर बसून जेवायचं. बसलो. खाली करकर झाली. हातातला घास परत खाली ठेवला.

"चाचा, वाजतंय."

"नवा सांधा बसताना वाजतोच की. लई भितोस तू. न्हाय पडत, जेव."

तरी नजर त्या फटीवरच. मग चाचा स्वतः शिडीनं वर आले, माझ्या शेजारी सांध्यावरच टेकले.

"चटणी दे हिकडं."

दोघांच्या वजनाखाली सांधा गप्प राहिला. चटणी जवळपास सगळी त्यांनीच संपवली.