चुन्याचे गोल

महाराजपुर, जबलपूर
१२ एप्रिल २०२१

ती. विनताताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येते आणि उरलेलं तू मनानं जोडतेस, म्हणून लिहून राहिलो. मी आणि क्षमा बरे आहोत.

आमच्या ऑक्सिजन प्लांटचे दोन ड्रायव्हर आजारी पडले, एक गावी पळाला. सिलिंडर भरून तयार आहेत, पण ट्रकवर चढवायला फोर्कलिफ्ट चालवणारे नाहीत. म्हणून नवे लोक शिकवायचं काम माझ्यावर आणि नथ्थूभैयांवर आलं. मला ही गाडी ज्यांनी शिकवली, तेच. मॅनेजर अनुपमजी म्हणाले की सगळ्यांना एका खोलीत बसवून व्हिडिओ दाखवा, लवकर आटोपेल. मी साफ नाही म्हणालो. उघड्या शेडखाली चुन्याचे गोल आखले, एका गोलात एकच माणूस. एक जण गाडीवरून उतरला की स्टेअरिंग, लिव्हर, पट्टा पुसल्याशिवाय दुसरा चढत नाही. गेटवर रोज ताप मोजतो. मास्क आणि इंजिन, दोन्हींत आवाज पोहोचत नाही, म्हणून सगळं हाताच्या खुणांनी चालते. नथ्थूभैया म्हणाले, बायको आयुष्यभर डोळ्यांनीच बोलली, ते शिक्षण आता कामी आलं!

तुझा काढा पार्सलनं पाठवू नको. मागचा अजून संपला नाही.

माया आहे तशीच ठेव.
तुझा,
योगेंद्र

---

नागपूर
१९ एप्रिल २०२१

चि. योगेंद्र यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. इथे दिवसभर अँब्युलन्स धावून राहिल्या. मला कमी ऐकू येते हे यंदा पहिल्यांदा बरं वाटलं. केतन घरूनच कॉलेजचं काम करतो आणि मला खिडकीशीही उभं राहू देत नाही. मुलगा आहे की चौकीदार, कळत नाही.

तुझे गोल, तुझं पुसणं, सगळं वाचलं. शहाणा आहेस. पण एक सांग, तुम्ही जेवता कुठे? एप्रिलच्या उन्हात शेडखाली तर कोणी डबा उघडत नसेल. गाडीवर माणूस सावध असतो रे, जेवताना तो मास्क काढतो आणि घरच्यासारखा होतो. याचं उत्तर आधी लिही.

क्षमाला आशीर्वाद. स्वतःला जप, तेवढंच मागते.
तुझी,
ताई

---

महाराजपुर, जबलपूर
९ मे २०२१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं तेव्हा नथ्थूभैया गेलेले होते.

तू विचारलंस तेच झालं. आम्ही अवजारांच्या खोलीत जेवत होतो. कूलर तिथेच आहे. दार लावून, मांडीला मांडी लावून, एकमेकांच्या डब्यातलं लोणचं घेत. मी पण त्यातच. माझ्या डोक्यात फक्त गाडी होती.

शिकणाऱ्यांत सुमेध नावाचा एक आहे. त्याला ताप होता. सकाळी गोळी घेऊन यायचा, म्हणून गेटवर कळलं नाही. तो घरीच बरा झाला. नथ्थूभैयांना त्याच्यापासून लागण झाली, आणि बेड मिळायलाच उशीर झाला. ज्या माणसानं जन्मभर ऑक्सिजन ट्रकवर चढवला, त्याच्यासाठी आम्ही जागोजागी फोन करत होतो. शेवटी चेहराही बघायला मिळाला नाही. त्यांची मुलगी वैभवी एकटीच नर्मदेच्या ग्वारीघाटावर अस्थी घेऊन गेली. मी लांब पायऱ्यांवर उभा होतो.

अनुपमजी सुमेधला काढून टाकायचं म्हणून राहिले. बाकीचे त्याचं नाव घेत नाहीत. मला त्याचा राग येतो ताई, आणि स्वतःचाही. काय करू, सांग.

तुझा,
योगेंद्र

---

नागपूर
१७ मे २०२१

चि. योगेंद्र,
अ. उ. आ.

त्याला माफ कर असं मी म्हणणार नाही. ते माझ्या हातात नाही, तुझ्याही नाही. पण त्याला विचार, ताप काहून लपवला? कोणाच्या भीतीनं? उत्तर मिळेल तिथे जाऊन भांड. नाहीतर उद्या दुसरा कोणी गोळी खाऊन येईल.

रडून घे. जेवत जा, पण मोकळ्यावर.
ताई

---

महाराजपुर, जबलपूर
६ जून २०२१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. सुमेध म्हणाला, भरतीच्या दिवशीच सांगितलं होतं की एक नागा, म्हणजे एका दिवसाचा खाडा, झाला तर दुसरा माणूस उभा आहे. ते सांगणारे अनुपमजीच. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हणालो की तापाची सुट्टी भरपगारी केल्याशिवाय मी कोणालाही गाडीवर बसवणार नाही. ते चिडले, पण शेवटी मानले. आता गेटवर तसा बोर्ड आहे. अवजारांच्या खोलीला कुलूप आहे. डबे नीमच्या झाडाखाली, दूर दूर बसून उघडतो.

सुमेधलाही परत घेतलं. काल त्याला शिकवत होतो, तेवढ्यात वैभवी वडिलांचं सामान न्यायला आली. तिनं विचारलं की तो हाच का. मी हो म्हणालो. तिनं त्याला नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, अंकल, अच्छे से सिखाइए, अधूरा मत छोड़िए, पापा किसी को अधूरा नहीं छोड़ते थे.

सुमेधनं गाडीचे काटे जमिनीला टेकवले, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि तिथूनच हात जोडले. तिनं नमस्कार घेतला नाही. पिशवी उचलून निघाली. ती गेटाबाहेर जाईपर्यंत तो तसाच उभा होता. मी त्याला हात खाली कर म्हणालो नाही.

मग सीट पुसली आणि त्याला परत वर चढायची खूण केली.

तुझी माया अशीच पोचत राहो.
तुझा,
योगेंद्र