गाद्या कोपऱ्यात, आम्ही जमिनीवर

ति. मामांस,

साष्टांग नमस्कार उभ्यानेच घालतो आहे, राग मानू नका. पाठ धरली आहे, तिचं कारण पुढे येईलच. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

मागच्या खोलीत मी होम थिएटर केलं हे तुम्हाला कळलं असेलच (ताईच्या पोटात काही राहत नाही). सबवूफर, म्हणजे नुसता घुमणारा बास काढणारा तो काळा खोका, घेताना दुकानदार म्हणाला होता की भिंती हलतील. भिंती नाही हलल्या; खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची खुर्ची हलली, पेशंटसकट. डॉक्टर हातातला चिमटा तसाच धरून वर आले. त्यांच्यादेखत हिने जाहीर केलं की पुन्हा तक्रार आली तर खोलीत तिचं शिलाई मशीन येईल आणि माझा खोका माळ्यावर जाईल.

झालं, मी इरेला पेटलो. भिंतीभर फोम चिकटवला. फोमने माझी टाळी गिळली, शिट्टी गिळली, पण बास कसला ऐकतोय, तो जमिनीतून तडक डॉक्टरांकडे. मग खोलीच्या आत खोली बांधली: रबरावर उचललेली लाकडी जमीन, दुहेरी भिंत, दाराला रबराची पट्टी. दार एवढं अरुंद झालं की सोफा आधी आत ठेवून मग भिंत बांधावी लागली (आता तो जन्मभर तिथेच).

रविवारी सगळ्यांना बसवून सिनेमा लावला. पडद्यावर अख्खा पूल कोसळतोय आणि सोफ्यावर बास औषधालाही नाही. सासूबाई कोपऱ्यात पडलेला चष्मा उचलायला गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "जावईबापू, पूल इथे पडतोय." खरंच की. बास मोठा लबाड, सगळा कोपऱ्यांत जाऊन बसतो आणि मधल्यांना ठेंगा. मग काय, सासूबाई, मेव्हणा, ही आणि मी, एकेक कोपरा धरून शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभ्याने सिनेमा बघत होतो आणि मधला सोफा रिकामा. हसून हसून पोट दुखलं.

यावर उपाय एकच, कोपऱ्यांत जाड कापूस ठासायचा. घरातल्या होत्या नव्हत्या त्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या (पाठीचं कारण हेच). पण मामा, काय सांगू, बास सोफ्यावर आला आणि खाली जरासुद्धा गेला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर दारात दिसले तेव्हा मी आधी त्यांच्या हातात चिमटा आहे का ते पाहिलं, पण ते खोका बिघडला का, हे विचारायला आले होते. मी ऐटीत त्यांना सोफ्यावर बसवून दार लावलं. ते म्हणाले, "सुरू नका करू हो. दिवसभर कानात ड्रिल असतं. जरा असंच बसू द्या." आणि डोळे मिटून घेतले.

आता ते दवाखाना सुटला की रोज येतात. दुपारी सासूबाई तिथे झोपतात (घरात मऊ असं तेवढंच उरलंय), आणि मधल्या वेळात ही दार लावून फोनवर माझ्याबद्दल मनसोक्त बोलते. तक्रार नाही, शिलाई मशीन नाही, खोली माझीच. फक्त मला आत जायला मिळत नाही. तरी खोटं कशाला बोलू, सगळे इतके खूश आहेत की मलाही बरं वाटतं.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा पाठमोडका भाचा

ता. क. चार दिवस तुमच्याकडे येईन म्हणतो. झोपायला गादी तेवढी लागेल.

आणखी एक. सामान फारसं नाही, एक काळा खोकाच काय तो. तुमच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं, ते कळवा.