ऑर्व्हिलचं रिव्हॉल्वर कोणाच्या कमरेला

मी, व्हर्लीन मे प्रुइट, कै. ऑर्व्हिल प्रुइट यांची विधवा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी पिस्तुलं व ती अंगावर बाळगायची चामडी होल्स्टर विकणे आणि सध्या लोकांच्या चुका काढणे, राहणार कॅडल्स क्रॉसिंग, टेक्सस, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितलं, ते ऐकल्यापासून डोकं उलट जास्तच ठिकाणावर आलं आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला जे आले होते त्यांना मी कॉफीही न विचारता परत पाठवलं. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

सदर मृत्युपत्राचा अंमल वकील क्लेबर्न टीग यांनी करावा. मृत्युपत्र वारसांना बसवून मोठ्याने वाचणं फक्त सिनेमात होतं, असं टीग यांनी मला परोपरीने समजावलं. मी म्हटलं, मग माझं सिनेमासारखंच करा. तेव्हा माझी मुलगी लोरीन, मुलगा रॉइस आणि दीर हार्लन यांना टीग यांच्या कचेरीत समोर बसवून हे पहिल्या ओळीपासून वाचून दाखवावं. मध्ये कोणी बोललं तर तो गप्प होईपर्यंत थांबावं. हार्लनमुळे सगळी दुपार जाईल, याची मला कल्पना आहे.

कलम पहिलं. राहतं घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, लोरीनला. ती डॅलसला असते आणि तिला बंदुकीचा तिटकारा आहे. माझ्याकडे आली की टेबलाशी बसण्याआधी विचारते, "आई, तुझ्या अंगावर आहे का ते?" मी म्हणते, आहे. मग ती सुस्कारा टाकते आणि बटाटे वाढून घेते. यावर आम्हा मायलेकींचं कधी पटलं नाही, पटणारही नाही. पण विचारते तरी. या घराण्यात विचारून जेवायला बसणारी ती एकटीच.

कलम दुसरं. माझ्या कपाटातला होल्स्टरांचा खोका दीर हार्लन यांना. ज्याने ज्याने कमरेला पिस्तूल लावलं त्याच्या घरी असा खोका असतोच: हौसेने आणलेली, दोन दिवस मिरवलेली आणि टोचली म्हणून टाकलेली होल्स्टर. त्यात घोट्याला बांधायचं एक आहे. वापरायच्या वेळी वाकावं लागतं, आणि हार्लन जमिनीवर पडलेली किल्लीसुद्धा शेजाऱ्याला उचलायला सांगतो. खांद्याला अडकवायचं एक आहे, त्यात पिस्तूल आडवं राहतं आणि दिवसभर मागच्या माणसावर रोखलेलं असतं. पोटाला गुंडाळायचा लवचीक पट्टाही आहे. तो ऑगस्टमध्ये घालून बघावा आणि मग मला आठवावं.

याच कलमात ते गुलाबी पिस्तूलही हार्लनला. आमच्या दुकानात बाई आली की हार्लन काउंटरला टेकून फुकट सल्ला द्यायचा, की नाजूक हाताला छोटंसं, हलकंसं, शक्यतो गुलाबी द्या. पिस्तूल जितकं हलकं तितका हाताला धक्का जास्त, हे त्याला कधी कळलं नाही, कारण झाडणारा हात नेहमी कुणातरी बाईचा असायचा. ऑर्व्हिलसारख्या शहाण्या माणसानेसुद्धा भावाचं ऐकून लग्नाच्या वाढदिवसाला मला ते गुलाबी आणलं. मी एकदा झाडलं, मनगट धरून बसले, आणि दुसऱ्या दिवशी ते हार्लनच्या हातात देऊन म्हटलं, घे, झाड. त्याने झाडलं, "छान आहे की," म्हणाला, आणि पुढचा आठवडाभर कॉफी डाव्या हाताने प्यायला. मी मग अंगाला साजेसं, मुठीत नीट बसणारं, जरा वजनदार पिस्तूल घेतलं आणि माझ्या मापाचं होल्स्टर ऑर्व्हिलकडून शिवून घेतलं. गुलाबी मात्र मोडीत काढू दिलं नाही. ते आजच्या दिवसासाठी जपलं होतं.

कलम तिसरं. चर्चला माझा पियानो. पादरी डेन्टन यांना ऑर्व्हिलचा दुहेरी चामड्याचा रुंद पट्टा, कारण साध्या पट्ट्यावर पिस्तुलाचं वजन पेलत नाही आणि प्रवचनाच्या ऐन रंगात ते विजार वर ओढतात. आपल्या चर्चच्या दारात रविवारी सगळे एकमेकांना मिठी मारतात. ज्याच्या कमरेला असतं तो ती बाजू मागे ठेवून, कोपर आत घेऊन, तिरका भेटतो, म्हणजे समोरच्याचा हात तिथे लागू नये. हल्ली अख्खं चर्च एकमेकांना तिरकं भेटतं आणि प्रत्येकाला वाटतं, आपलं कुणाला कळलं नाही. पादरींनी यावर एकदा बोलावं, आधी पट्टा घालून.

कलम चौथं. मागची शेड, चामडं शिवताना पकडून ठेवणारा लाकडी घोडा, आऱ्या, साचे आणि उरलेलं चामडं खोगीर शिवणाऱ्या डेल्फिना ओचोआला. तिने ऑर्व्हिलच्या हाताखाली काम केलं आहे. माझी एक चांगली सुई ती घेऊन गेली होती, ती आता परत आणू नये.

डेल्फिनाला एवढंच सांगणं, की ऑर्व्हिलची पद्धत मोडू नकोस. गिऱ्हाईक आत येऊन भिंतीवरच्या पिस्तुलांकडे बोट दाखवायला लागलं की तो त्याला आधी खुर्चीवर बसवायचा. बूट बांधायला लावायचा. मग कोपऱ्यातलं वाळूचं पोतं कडेवर घ्यायला लावायचा, कारण घरी पोर असतं आणि ते कडेवर येतंच. या सगळ्यात कमरेची कुठली जागा मोकळी राहते, ते बघून तो होल्स्टर ठरवायचा, आणि त्यात काय मावेल ते बघून पिस्तूल. लोक चिडायचे. पिस्तूल घ्यायला आलोय, कवायत करायला नाही, म्हणायचे. ऑर्व्हिल शांतपणे म्हणायचा, चाप पूर्ण झाकला पाहिजे, आणि पिस्तूल एकतर अंगावर, नाहीतर कुलपात. हे ज्याला नको असेल त्याला तो हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानाचा पत्ता द्यायचा. त्या दुकानाची भरभराट आम्हीच केली.

कलम पाचवं, आणि यासाठीच हा सगळा खटाटोप. माझा मुलगा रॉइस.

वडिलांच्या दफनानंतर लोक घरी जेवत होते, तेव्हा हातात बशी घेऊन रॉइसने मला विचारलं, "आई, बाबांचं रिव्हॉल्वर मलाच ना?" बाप जाऊन चार दिवस झाले नव्हते. तरी मी वाईट वाटून घेतलं नाही. ऑर्व्हिलने ते आयुष्यभर कमरेला बाळगलं, एकदाही कुणावर काढावं लागलं नाही, आणि मुलाला ते हवंसं वाटलं तर त्यात गैर काय. पण ज्या माणसाला हवं होतं, त्याची स्वतःच्या पिस्तुलाशी वागणूक मला माहीत होती. ऑर्व्हिल प्रुइटचा मुलगा, जन्म चामड्याच्या वासात गेला, आणि पिस्तूल नुसतं विजारीत खोचून फिरतो. का, तर होल्स्टर पोटाला टोचतं. टोचणारच. पोट त्याचं आहे, होल्स्टरचं नाही.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तो नाडीच्या ढगळ विजारीत आला. भरपूर जेवायचं म्हणून, असं सांगत होता. टर्की कापायला उठला, तसं ते पिस्तूल विजारीच्या पायातून घसरत येऊन माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर आदळलं. सगळे गोठले. एक मेझी सोडून. मेझी त्याची मुलगी, माझी नात, चार वर्षांची, वळण चांगलं. कुणाचं काही पडलं तर उचलून द्यावं, हे तिला मीच शिकवलं आहे. तिने दोन्ही हातांनी ते उचललं आणि बापासमोर धरलं. तोंड बापाच्या पोटाकडे.

"बाबा, तुझं पडलं."

रॉइसने ते काढून घेतलं आणि हसला. खरोखर हसला. म्हणाला, "एवढं काय त्यात, आई. आपोआप उडत नाही ते."

मी म्हटलं, "आपोआप नाहीच उडत, रॉइस. चापावर बोट लागतं. तिला दहा आहेत."

त्या दिवशी टर्की कुणाच्या घशाखाली उतरली नाही. हार्लन सोडून.

मग मी ऑर्व्हिलची हत्यारं काढली आणि या म्हाताऱ्या हातांनी रॉइससाठी होल्स्टर शिवलं. त्याच्या पिस्तुलाच्या मापाचं, चामडं भिजवून बसवलेलं, चाप पुरता झाकणारं, पोटाकडची कड तासून मऊ केलेली. बोटांना फोड आले. त्याने ते घेतलं, माझ्या कपाळाचा मुका घेतला, "आई, तू ग्रेट आहेस," म्हणाला. महिन्याभराने त्याच्या ट्रकमध्ये बसले तर त्या होल्स्टरमध्ये त्याने गॉगल ठेवलेला. मी विचारलं, आणि पिस्तूल? तर म्हणाला, तुझं ऐकलं ना, अंगावर ठेवतच नाही आता. इथे ट्रकमध्ये असतं. झाली खूश? आणि दोन सीटच्या मधला कप्पा उघडून दाखवला. कुलूप नाही. पिस्तूल होतं, ओले रुमाल होते आणि मेझीची चॉकलेटं होती.

माझ्या लेकाने माझं ऐकलं ते असं. मी ओरडले. लोरीनने फोनवर समजावलं. त्याची बायको रडली. तो म्हणतो, मेझीला माहीत आहे की हात लावायचा नाही. चार वर्षांच्या पोरीला माहीत आहे, आणि चाळिशीतल्या बापाला नाही. पेट्रोल पंप, बँक, गुरांच्या डॉक्टरचा दवाखाना, जिथे जाईल तिथे एसी चालू ठेवून तिला ट्रकमध्ये बसवतो आणि म्हणतो, दोन मिनिटांत आलो. माझी नात मला प्रिय आहे. ती मोठी झालेली मी बघणार नाही, पण ती मोठी व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे. बाकीचं हे सगळं घरदार मी त्यासाठी फुंकून टाकायला तयार आहे.

म्हणून, बँकेतली सगळी शिल्लक मेझीच्या नावे. ती सज्ञान होईपर्यंत व्यवहार लोरीनने बघावा. रॉइसने त्याला हात लावू नये, नवीन टायरसाठी तर मुळीच नाही.

कलम सहावं व शेवटचं. ऑर्व्हिलच्या रिव्हॉल्वरबद्दल. टीग, इथे कागदावरून नजर उचला आणि रॉइसला विचारा की या घडीला तुझं पिस्तूल कुठे आहे. होल्स्टरमध्ये कमरेला असेल, तर त्याने ते बसल्या जागी शर्ट उचलून दाखवावं, आणि रिव्हॉल्वर त्याचं. घरी पेटीत कुलूपबंद असेल, तर किल्ली दाखवावी, आणि रिव्हॉल्वर त्याचं. त्याच्या बापाच्या जागी तो शोभेल आणि मी जे जे बोलले ते सगळं मागे घेते.

ट्रकमध्ये आहे म्हणाला, तर रिव्हॉल्वर लोरीनचं. तिने त्याचं हवं ते करावं, नदीत टाकलं तरी चालेल. आणि मग टीग, लगेच दुसरा प्रश्न विचारा, की मेझी कुठे आहे. मुलांना आत आणू नये अशी पाटी तुमच्याच दारावर आहे, मी वाचली आहे.

याही प्रश्नाचं उत्तर तेच असेल, तर रॉइस, ऊठ. मी मेलेली आहे, मला कसलीही घाई नाही. तू पळ.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली.

(सही) व्हर्लीन मे प्रुइट

आम्ही खाली सह्या करणारे असं नमूद करतो, की सदर बाईंनी आमच्यासमोर, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, हे त्यांनी आम्हाला आधीच ठणकावून सांगितलं आहे.

साक्षीदार: १. (सही) बर्निस कायकेन्डॉल, निवृत्त ग्रंथपाल
२. (सही) ऑटिस रेबर्न, घोड्यांना नाल ठोकणारे

ठिकाण: कॅडल्स क्रॉसिंग, टेक्सस
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४